पुड्याला घरची साखर

साखर घरात होत नाही, एवढंच सावळेराम भालेराव म्हणाले असते तर चिमाजी वाव्हळांनी ते गिळलं असतं. पण भालेराव ते म्हणताना हसले. नुसते हसले नाहीत, हसताना त्यांनी मांडीवर हात मारला.

हे घडलं कळंबला, भालेरावांच्या घरी, मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात. तसा कार्यक्रम संपलाच होता. चिमाजींच्या सुदर्शनला भालेरावांची अक्षदा पसंत पडली होती, अक्षदालाही सुदर्शन चालणार होता, आणि साखरपुड्याला माघातली तारीख धरून झाली होती. आता नुसता चहा पिऊन उठायचं होतं. चहात साखर फार होती. भालेराव साखर कारखान्यात केमिस्ट होते, त्यामुळे त्यांच्या घरी ती तशीच पडायची. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून चिमाजी म्हणाले, "साखर चांगली हाय. पन आमच्या मामाच्या घरची खांड खाल्ली आसती तुमी, तर ही बेचव लागली आसती. उसाच्या रसापासून घरी साखर काढायचा म्हातारा."

"घरी गूळ होतो, पावणं," भालेराव म्हणाले. "साखरेला मशिनरी लागते. तीन मजली उंच. साखर काय घरी होत नसते." आणि मांडीवर हात.

चिमाजी हे काही ऐऱ्यागैऱ्याचं नाव नव्हतं. नारायणगावच्या एसटी स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. जुन्नर गाडी फलाटावर लागत आहे असं त्यांनी माइकवर सांगितलं की गाडी लागायची. कधी लागायची हा प्रश्न वेगळा. पण माणसं पिशव्या उचलून फलाटावर जाऊन उभी राहायची आणि तासभर उभी राहायची, पण मांडीवर हात मारून कुणी हसायचं नाही. सबंध नोकरीत जे झालं नाही ते व्याह्याच्या दिवाणखान्यात झालं, आणि तेही होणाऱ्या सुनेच्या देखत.

कप खाली ठेवून ते म्हणाले, "पुडा आमच्याकडनं यायचा हाय ना? मंग त्या पुड्यात माझ्या घरची साखर आसंल. मी केलेली. न्हाई झाली तर मी मांडवात पाय टाकनार न्हाई, भाईर चपला राखत बसंन."

 पण भालेरावही हट्टाला कमी नव्हते. "आणि झाली, तर मी स्वतः हातात ताट घेऊन मांडवातल्या एकेका पाव्हण्यापुढं वाकून ती वाटीन. पण साखर पाहिजे बरं का. गुळाचा भुगा चालणार नाही."

परतीच्या एसटीत चिमाजींच्या पत्नी गोजरबाई मुद्दाम दोन सीट पुढं जाऊन बसल्या. हे लक्षण वाईट होतं. घरात आल्यावर त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "चपला राखायच्या म्हंजी नुसतं बसून भागत न्हाई. जोड्या लावाव्या लागत्यात. जमंल तुमाला?"

"अण्णा," सुदर्शन म्हणाला, "साखरपुडा माझा हाय."

"पुडा तुझा. साखर माझी," चिमाजी म्हणाले आणि ऊस शोधायला निघाले.

वाव्हळांचं बिऱ्हाड मीनाकाठ सोसायटीत होतं. आठ घरं, एक जिना आणि मागं थोडं मोकळं अंगण. आठ घरांमध्ये गुपित राहत नाही. सकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. तळमजल्यावरचे गेणभाऊ हे शेती खात्यातून निवृत्त झालेले. ते चहाच्या वेळेला आले आणि म्हणाले, "चिमाजीराव, माझ्याशिवाय हात घालू नका. चाळीस गुऱ्हाळं पाह्यलीत मी." शेजारच्या अंबाबाई बचत गटाच्या अध्यक्ष होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, मिक्सरला लावा ना ऊस. बारीक तुकडं करून." वरच्या मजल्यावरून कुणीतरी सोडा घाला असं सुचवलं. कशात आणि कशासाठी, हे त्यालाही सांगता आलं नाही. पण फुकटच्या सल्ल्याला पत्ता लागत नाही.

चिमाजींना कृती आठवत होती. रस कढवायचा, वर येणारी मळी काढत राहायची आणि गूळ व्हायच्या जरा अलीकडे उतरवायचा. त्या दाट पाकाला राब म्हणायचे. राब माठात ओतून दिवसच्या दिवस न हलवता ठेवला की आत खडे धरतात. मग फडक्यातून पाक निथळू द्यायचा, मागं उरते ती खांड. सगळ्यात शेवटी मामा त्या खांडेवर काहीतरी हिरवं पसरायचा. ते काय, हे मात्र आठवत नव्हतं. पण तिथवर पोचायचं होतं कुठं अजून!

ऊस मिळाला. रस काढायला ते स्टँडबाहेरच्या पप्पूच्या रसवंतीवर गेले. पप्पूला तो गाळा मिळवून द्यायला चिमाजींनी एके काळी शब्द टाकला होता, त्यामुळे पप्पूची त्यांच्यावर भक्ती होती. माणसाची भक्ती ही शत्रुत्वापेक्षा धोक्याची, हे चिमाजींना तोवर माहीत नव्हतं. "निव्वळ रस काढ. बर्फ घालू नको," असं त्यांनी बजावलं. पप्पूनं बर्फाला हातसुद्धा लावला नाही.

अंगणात विटांचं चुलवाण मांडलं, मांडववाल्याची बुंदीची कढई आणली, दिवसभर रस कढवला. राब देखणा झाला. तो माठात घालून चिमाजींनी आठवडाभर माठाजवळ कुणाला मोठ्यानं बोलू दिलं नाही. टीव्हीचा आवाजही बंद. मालिकेतली सासू महिनाभर सुनेला ज्या पेल्यातून विष देणार होती तो पेला सुनेनं प्याला की नाही, हे गोजरबाईंना ओठांच्या हालचालीवरून ओळखावं लागलं. आठवड्यानं झाकण काढलं तर पाक जसाच्या तसा, आरशासारखा. चिमाजींना त्यात स्वतःचं तोंड दिसलं आणि त्या वेळी ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

त्यांनी बोट बुडवून चाखलं. आलं! मागून लिंबू!

ते तसेच रसवंतीवर गेले. पप्पू दुखावला. "काका, आलं-लिंबू घातल्याबिगर माझ्या हातनं रसच निघत न्हाई. आन तुमच्यासाठी म्हनून लिंबू डबल घातलं, राव! गिऱ्हाइकाला मी पाव फोड घालतो."

घरी गेणभाऊ वाट बघत होते. "लिंबानं खडा मरतो," ते म्हणाले. "हलवाई पाकात लिंबू पिळत्यात ते त्याच्यासाठीच. खडा धरू नये म्हनून."

"मंग आदी का न्हाई बोलला?"

"तुमी ईचारलंच न्हाई."

तो पाक वाया मात्र गेला नाही. अंबाबाईंच्या नातवाचा खोकला त्याच्या दोन चमच्यांनी थांबला आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या सोसायटीला खोकला झाला. वाट्या घेऊन माणसं जिन्यात उभी राहिली. गोजरबाईंनी माठ धुऊन पालथा घातला.

दुसऱ्या वेळी पप्पूला बाजूला बसवून चिमाजींनी स्वतः चरकात ऊस घातला. कढई पुन्हा चुलवाणावर चढली, जाळ गेणभाऊंनी हातात घेतला, आणि कढ यायला लागल्यावर रसाचा वास भिंतीवरून रस्त्यावर गेला. इथंच घात झाला.

आपल्याकडे गुऱ्हाळाचा एक नेम आहे. चुलवाण पेटलं की आलेल्या माणसाला रिकाम्या हाती लावायचं नाही. सोयरा असो, वाटसरू असो की बांधावरून भांडणारा, तांब्या पुढं आला की भरायचा. हा नेम कुणी लिहून ठेवलेला नाही, म्हणूनच तो मोडता येत नाही. चिमाजींचं बालपण लोकांच्या गुऱ्हाळावर रस पिण्यात गेलं होतं. आता स्वतःचं चुलवाण पेटल्यावर नाही म्हणायचं, तर कोणत्या तोंडानं?

आधी सोसायटी आली. मग पलीकडची सोसायटी आली. अंबाबाईंचा अख्खा बचत गट कासंडी घेऊन आला. जुन्नरहून येणारी एसटी फाटकासमोर थांबली, कारण ड्रायव्हरनं आपल्या जुन्या साहेबांना ओळखलं. तो पाण्याचा कॅन घेऊन उतरला आणि त्याच्यामागं सगळी गाडी उतरली. कंडक्टर घाई करायला म्हणून आत आला आणि दोन पेले पिऊन गेला. कढई आटत होती, पण जाळानं कमी आणि तांब्यांनी जास्त.

"गेणभाऊ, जाळ कमी करा! रस तळाला गेला!" चिमाजी पळी धरून ओरडले.

"कमी म्हंजी कसा करायचा?" गेणभाऊंनी विचारलं.

"तुमी चाळीस गुऱ्हाळं पाह्यलीत ना?"

"पाह्यलीत की! बाजंवर बसून पाह्यलीत. काकवी खाल्लीय. जाळ घालायचं काम कधी पडलंच न्हाई."

राबाची वेळ केव्हा आली आणि केव्हा गेली हे कळलं नाही. कढईत झाला तो गूळ. आणि काय गूळ झाला! पिवळाधमक, कणीदार, बोटानं दाबला तर चिरा पडाव्यात असा. लोकांनी तोंडात बोटं घातली. "साहेब, असला गूळ राजुरीच्या बाजारात मिळनार न्हाई!" ड्रायव्हर म्हणाला. ज्याला त्याला चिमाजींच्या पाठीवर थाप मारायची होती. पाठीवर थाप पडत असताना माणसाचा इतका अपमान होऊ शकतो हे चिमाजींना त्या दिवशी कळलं. घरी गूळ होतो, हेच तर भालेराव म्हणाले होते.

गूळही नेमाप्रमाणे वाटला गेला. संक्रांतीला आठही घरांत त्याचेच तिळगूळ झाले आणि सगळ्यांनी वाव्हळांना ते देऊन वर गोड बोलायला सांगितलं. चिमाजी त्या दिवशी कुणाशीच बोलले नाहीत.

"आता पुरं," गोजरबाई म्हणाल्या. "दुकानातनं पाच किलो आना आन मोकळं व्हा. व्याही काय साखरंवर नाव वाचनार हाय का?"

"न्हाई वाचनार. पन मला म्हाईत आसंल ना."

 गोजरबाई उठल्या आणि स्वयंपाकघरातली सगळी पातेली खाली काढली. "चुलवान नको आन त्यो गेन्या नको," त्या म्हणाल्या. "खिडक्या लावा. ग्यासवर करू. मी बघते राब कसा व्हत न्हाई त्यो."

खिडक्या बंद, दार बंद, दारावरच्या फटीला टॉवेल. चुलवाण पेटलंच नाही, त्यामुळे नेमही मोडला नाही. एसटीच्या नोकरीत नियम न मोडता गाडी मध्येच थांबवायची कला चिमाजी शिकले होतेच. पातेल्यांमागून पातेली कढली. भिंती चिकट झाल्या, पंखा चिकट झाला, कॅलेंडर भिंतीला असं बसलं की पुढचं पान उलटेना. संध्याकाळी सिलिंडर संपलं. नव्या सिलिंडरचा नंबर लागायला अजून पंधरा दिवस होते, म्हणून शेवटचं पातेलं आहे तसंच उतरवलं. राबाचे दोन माठ भरले. एक पक्क्या राबाचा, एक शेवटच्या कच्च्या पातेल्याचा. घरात मुंग्या फार, म्हणून दोन्ही माठ परातीत पाणी घालून जिन्याखाली ठेवले.

कच्च्या माठाला हा मुक्काम मानवला नाही. तो आधी कुजबुजायला लागला, मग फेस काढायला लागला, आणि एका दुपारी त्याचं झाकण धाडदिशी उडून अंबाबाईंच्या दारावर आदळलं. मागोमाग असा वास सुटला की वरच्या मजल्यावरचा एक गृहस्थ, जो कधी कुणाकडे जात नसे, तो खाली येऊन आपणहून चौकशी करायला लागला.

तासाभरात हवालदार आले. माठाकडे बघून म्हणाले, "भट्टी कुणाची?"

चिमाजींच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्यांनी ती सदऱ्यातून बाहेर काढून दाखवली. "भट्टी? मी माळकरी मानूस हाय! साखर हाय ती, साखर!"

"साखरेला असा वास? मी काय आज भरती झालो का, राव?"

"एक माठ बिघाडला. दुसरा चाखून बघा."

"चाखून मी लिहू शकत नाही. दारू नसल्याचा दाखला आणा ग्रामपंचायतीचा. तोवर दोन्ही माठ जप्त समजा." आणि त्यांनी एक स्टूल मागून घेतलं व माठांपाशी ठाण मांडलं.

साखरपुडा आला होता तोंडावर. चिमाजी ग्रामपंचायतीत धावले. ग्रामसेवकांनी टेबलाचे सगळे खण उघडून दाखवले. "रहिवाशी दाखला हाय, दारिद्र्यरेषेचा हाय, हयातीचा हाय, शौचालय आसल्याचा हाय. दारू नसल्याचा न्हाई. जे न्हाई त्याचा दाखला शासन देत न्हाई."

"मंग हयातीचा द्या."

"कुणाच्या हयातीचा?"

"माठाच्या! आत साखर जिती हाय म्हनून लिवा!"

ग्रामसेवक सज्जन होते. ते स्वतः पाहणीला आले, जिन्याखाली वाकले आणि पक्क्या माठातला राब वाटीत घेऊन त्यांनी चाखला. मग उभ्या उभ्या लिहिलं, 'सदर माठातील पदार्थाची समक्ष चव घेतली असता तो गोड लागला. धुंदी आली नाही.' धुंदी उशिरा तर येत नाही ना, याची खात्री करायला ते अर्धा तास थांबले आणि तेवढ्या वेळात त्यांनी आणखी दोन वाट्या घेतल्या. मग हवालदारांचीही स्वतःची खात्री झाली पाहिजे होती. ती व्हायला तांब्याभर राब लागला, तेव्हा कुठं जप्ती उठली. चुलवाण पेटलेलं नसलं तरी दारात आलेल्या माणसाला नाही म्हणण्याइतके चिमाजी अजून पडले नव्हते.

बिघडलेला माठ घेऊन ते मीना नदीवर धुवायला गेले. माठ पाण्यात बुडवला आणि हाताला केसासारखं, लांब, गार काहीतरी लागलं. हिरवं! चिमाजींनी माठ तिथंच सोडला, विजार घातलेली आहे हे विसरून गुडघाभर पाण्यात शिरले आणि दोन्ही हातांनी शेवाळ ओढायला लागले. मामा खांडेवर पसरायचा ते हेच! ओल्या शेवाळातून थेंब थेंब पाणी खाली झिरपतं, खड्यांवरचा काळा पाक धुऊन नेतं, आणि वरची साखर उजळत जाते. रस्त्यानं ते शेवाळ खांद्यावर टाकून भिजलेल्या विजारीत घरी आले. स्टँडवरच्या माणसांनी त्यांना बघितलं. एके काळी ही माणसं त्यांना साहेब म्हणायची.

पक्क्या माठाचं तोंड उघडलं तेव्हा गोजरबाई जवळ होत्या. चिमाजींनी हात आत घातला, आणि बोटांना टोचलं. वाळूसारखं, बारीक, खरखरीत. खडा धरला होता! राब फडक्यात घातला, दुरडीत निथळायला ठेवला आणि वर नदीचं शेवाळ अंथरलं.

अंबाबाई तेवढ्यात वाटी घेऊन आल्या होत्या. त्यांनी दुरडीत बघितलं, शेवाळातून एक गोगलगाय सावकाश बाहेर निघताना बघितली आणि वाटी पदराखाली घेतली. "न्हाई, मी आपलं सहज आलते, वयनी." त्या दिवसापासून वाव्हळांच्या दारात एकही तांब्या आला नाही. मामा शेवाळ साखर उजळायला पसरायचा की पाव्हणे थोपवायला, हा चिमाजींना कधी न सुटलेला प्रश्न आहे.

पण दुरडीतून पाक निथळला तसं राहिलं फार थोडं. वरचा थर तेवढा उजळला, खालचा काळाच राहिला. चिमाजींनी वरचा थर खरवडून गच्चीवर फडक्यावर वाळत टाकला. मधमाश्या आल्या. मग चिमाजी तीन दिवस उन्हात डोक्यावर छत्री धरून आणि हातात टॉवेल घेऊन साखरेशेजारी बसले. तिसऱ्या दिवशी गोजरबाई वर आल्या, खाली बसल्या आणि दोन्ही तळहातांनी ती साखर हलकी हलकी चोळायला लागल्या. गव्हाळ रंगाचे दाणे सुटे होत गेले.

"हसला व्हता त्यो मानूस," त्या मध्येच म्हणाल्या. "मला बी राग आलाच व्हता."

"मंग तवा बोलली का न्हाईस?"

"तुमीच एवडं बोलला, मला जागा कुटं ठिवली?"

वाळून, चोळून साखर भरली ती एक मूठ. मोठ्या माणसाची, पण एकच मूठ. इकडे पुण्याहून चिमाजींच्या बहिणीनं जरीची कळी, आरसे आणि मोती लावलेला साखरेचा पुडा पाठवला होता. तो तबल्याएवढा होता. त्यात ती मूठ टाकली तर आतून आवाजसुद्धा येईना.

"अण्णा, खाली तांदूळ भरू, वर ही टाकू," सुदर्शन म्हणाला. "कुनाला कळनार हाय?"

"खोटंच करायचं आसतं तर शेवाळात कशाला गेलो आसतो? पुडा ल्हान झाला तरी चालंल."

म्हणून वाव्हळांची साखर देवळात अंगारा देतात तसल्या कागदाच्या पुडीत गेली आणि ती पुडी मोठ्या चांदीच्या ताटाच्या मध्यभागी बसली. कळंबच्या मांडवात ते ताट आलं तेव्हा पहिल्या रांगेला वाटलं की नवरदेवाची तब्येत बरी नसावी आणि हे औषध आहे. बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. चिमाजी मांडवाच्या दारात उभे होते; एक पाय आत, एक पाय चपलांच्या ढिगाऱ्यात. भालेरावांनी निकाल दिल्याशिवाय दुसरा पाय आत घ्यायचा नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं.

भालेराव पुढं आले. त्यांनी कोटाच्या खिशातून भिंग काढलं. कारखान्यातून आणलं असावं. पुडी सोडली, चिमूटभर साखर तळहातावर घेतली आणि भिंगातून बघितली. "हं," ते म्हणाले. मग ती बोटांत चुरली. दुसरी चिमूट घेऊन दातांखाली फोडली. तिसरी पाण्याच्या पेल्यात टाकून पेला उजेडाला धरला. "तळाला काय बसतं ते बघू," असं म्हणून त्यांनी आणखी एक चिमूट त्यात टाकली. ते पाणी प्याले. प्याल्यावर काही उमगलं नसावं, कारण त्यांनी सरळ पुडीतूनच चांगली भरघोस चिमूट उचलून जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. मग आणखी एक, मग आणखी, अशा किती ते मोजायचं राहून गेलं.

"आवो व्याही," चिमाजी दारातून ओरडले, "तपासनीतच संपल की समदी!"

भालेरावांचा हात पुन्हा पुडीकडे निघाला होता. आता चिमाजींना पाय कुठं आहेत याचं भान राहिलं नाही. ते रांगा तुडवत पुढं गेले आणि व्याह्याच्या हाताखालून ताट ओढून घेतलं. पुडीच्या घडीत शेवटची चिमूट उरली होती. "आदी सून!" ते म्हणाले. "गोजरे, घाल तिच्या तोंडात."

गोजरबाईंनी ती चिमूट अक्षदाच्या जिभेवर ठेवली. अक्षदा मान खाली घालून बसली होती. तिनं मान वर केली, आणि दातांखाली दाणा फुटल्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत आला.

"मला अजून नमुना पाहिजे," भालेराव म्हणाले. "एवढ्यावरून निर्णय देता येत नाही."

"नमुना मिळनार न्हाई. तुमच्या पोटात हाय त्यो. लागलं कसं, ते सांगा."

"गोड लागलं."

"गोड गूळ बी आसतो. आनखी?"

"दाणा होता," भालेराव नाइलाजानं म्हणाले.

"कशाचा दाना?"

 भालेरावांनी बायकोकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. माणूस हट्टी होता, पण नोकरीत त्यानं कधी खोटा रिपोर्ट लिहिलेला नव्हता. "साखरेचा," ते म्हणाले. आणि घाईनं पुढं जोडलं, "पण असल्या रंगाची साखर मी कारखान्यातून बाहेर सोडली असती, तर त्याच दिवशी माझी नोकरी गेली असती!"

ते पुढचं कुणी ऐकलंच नाही. वाव्हळांच्या बाजूनं टाळ्या पडल्या, सुदर्शनानं कपाळावरचा घाम पुसला. चिमाजींनी रिकामं ताट व्याह्यापुढं धरलं. "मंग वाटा आता. वाकून. एकेका पावन्याफुडं."

"काय वाटू? संपली की!"

"ते तुमचं तुमी बघा. मी केली, तुमी खाल्ली. शबूद तुमचा हाय."

भालेरावांनी कोट काढून खुर्चीवर ठेवला. बाह्या सारल्या. ते रिकामं चांदीचं ताट दोन्ही हातांत घेऊन ते पहिल्या पाव्हण्यासमोर वाकले. पहिला पाहुणा अक्षदाचा मामा होता. त्यानं ताटात बघितलं, मेव्हण्याच्या तोंडाकडे बघितलं. यजमान वाकून ताट पुढं करतोय म्हटल्यावर नाही म्हणायची रीत आपल्याकडे नाही. मामानं ताटातून दोन बोटांनी चिमूट उचलली, तोंडात टाकली आणि मान हलवली. "लई ग्वाड!" शेजारच्यानंही घेतली. मग रांगच्या रांग घेत गेली. जुन्नरचे घेत होते, आंबेगावचे घेत होते, पोरंटोरं दोन-दोनदा हात पुढं करत होती, आणि भालेराव घाम पुसायलाही न थांबता एकेकापुढं वाकत होते.

सगळ्यात मागं भिंतीला टेकून भालेरावांच्या आत्या धोंडाबाई बसल्या होत्या. वय झालेलं, डोळ्यांना दिसत नव्हतं, तोंडात दात नव्हता. ताट पुढं आल्याचं कुणीतरी सांगितल्यावर त्यांनी चाचपत चिमूट घेतली, हिरड्यांवर ठेवली आणि बराच वेळ तोंड हलवत बसल्या. सगळा मांडव त्यांच्याकडे बघत होता.

"चांगली झालीया," धोंडाबाई शेवटी म्हणाल्या. "पन जरा वलसर ऱ्हायली."

चिमाजी तडक त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. "वलसर? कुटं वलसर? आत्याबाई, तीन दिवस उनात व्हती ती! परत घ्या चिमूट आन नीट खाऊन सांगा!"